अभियंत्याची सही आणि तिची जबाबदारी

(अभियंता दिनानिमित्त ग्वाल्हेर येथे मराठी भाषक अभियंते व अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सप्टेंबरची १५ तारीख आली की देशभरातील अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे स्मरण करतात. मराठी अभियंत्यांना या स्मरणात विशेष आपलेपणा वाटतो व तो सकारण आहे. विश्वेश्वरय्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्यात झाले. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले आणि त्यांच्या सेवेची पहिली वर्षे नाशिक-खानदेशच्या मुलखात गेली. खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी स्वतःच्या कल्पनेचे स्वयंचलित दरवाजे बसविले आणि धरणाच्या भिंतीची उंची न वाढविता जलाशयाची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढविली. याच धर्तीचे दरवाजे पुढे ग्वाल्हेर संस्थानातील तिघरा धरणासाठी योजण्यात आले. पुणे आणि ग्वाल्हेर यांना जोडणारे दुवे इतिहासात पुष्कळ आहेत. अभियांत्रिकीतील हा दुवा मात्र फारसा कोणाच्या ध्यानात नसतो.

अशा समारंभात विश्वेश्वरय्यांच्या दोन मेणबत्त्यांची गोष्ट बहुधा सांगितली जाते. सरकारी काम सरकारी मेणबत्तीच्या उजेडात करावयाचे आणि ते संपताच ती विझवून खाजगी पत्रासाठी स्वतःची मेणबत्ती लावावयाची, अशी ती गोष्ट. ती प्रत्यक्ष घडली असो वा लोकांनी रचलेली असो, ऐकणाऱ्यावर तिचा चांगलाच परिणाम होतो. परंतु तिच्यामुळे एक गैरसमजही पसरला आहे. हात स्वच्छ असले की अभियंत्याचे नैतिक कर्तव्य पुरे झाले, अशी समजूत तिच्यातून बळावते. ज्याने कधी कोणाचा पैसा घेतला नाही, कार्यालयाचा कागदही घरी नेला नाही, अशा अभियंत्याच्या हातूनही माणसे दगावू शकतात. त्याने लाच घेतलेली नसते. त्याने पुरेसे पाहिलेले नसते, किंवा पाहिले असूनही सांगितलेले नसते. या प्रकारच्या अपराधाची चर्चा आपल्याकडे फार कमी होते. ती करावयाची तर ग्वाल्हेरहून अधिक योग्य स्थान शोधूनही सापडणे कठीण.

तिघरा धरण ग्वाल्हेरपासून सुमारे २० किलोमीटरांवर सांक नदीवर बांधलेले आहे. माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी ते उभारण्यात आले. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीचे हे धरण सुमारे २४ मीटर उंच व १३४१ मीटर लांब. बांधकाम नुकतेच पुरे झाले होते. १९ ऑगस्ट १९१७ रोजी, ऐन पावसाळ्यात, जलाशय तुडुंब भरला आणि जवळजवळ ४०० मीटर लांबीच्या भागावरून सुमारे ०.८५ मीटर उंचीचे पाणी वाहू लागले. त्यानंतर भिंतीचे दोन मोठे खंड अखंड अवस्थेतच खाली ढकलले गेले. भिंत चिरडली गेली नव्हती, दगड फुटले नव्हते. धरण आपल्या पायावरून घसरले होते. पाया वालुकाश्माचा होता आणि त्याच्या थरांत पाणी शिरले होते. खालच्या गावांची मोठी हानी झाली. मृतांचे निरनिराळे आकडे पुढे सांगितले गेले आहेत.

धरण घसरते म्हणजे काय होते, हे येथे थोडे उलगडून सांगणे आवश्यक आहे, कारण नीतीचा प्रश्न नेमका त्या गणितात दडलेला आहे. दगडी धरण उभे राहते ते आपल्या वजनावर. पाणी त्याला आडवे ढकलते आणि त्याचे वजन, पायाच्या घर्षणाच्या साहाय्याने, त्या ढकलीला विरोध करते. आता पायाखालच्या खडकाच्या भेगांतून जलाशयाचे पाणी शिरले तर ते भिंतीला खालून वर उचलू लागते. याला उत्थापक दाब म्हणतात. धरणाचा छेद साधा त्रिकोणी मानावा, दगडी बांधकाम पाण्याच्या २.४ पट जड धरावे, आणि उत्थापक दाब जलाशयाच्या बाजूला पूर्ण व खालच्या बाजूला शून्य असा उतरत जातो असे समजावे. तर भिंतीच्या वजनापैकी सुमारे दोन-पंचमांश वजन हिशेबातून वजा होते. कागदावर १०० टन भासणारी भिंत घसरणीला विरोध करताना ५८ टनांचीच उरते. खडकात निचऱ्याची छिद्रे घेतली, भेगांत सिमेंटचे द्रावण दाबाने भरले, पाया खोल नेऊन खडकात दात दिला, तर ही तूट पुष्कळ भरून काढता येते. परंतु त्यासाठी ती तूट आहे हे आधी कोणी तरी हिशेबात मांडावे लागते.

१९१७ साली हे ज्ञान उपलब्ध होते काय? एका अर्थाने होते. फ्रान्समधील एपिनालजवळचे बूझे धरण १८८४ मध्ये पायावर काहीसे पुढे सरकले होते. ते बळकट करण्यात आले आणि तरीही २७ एप्रिल १८९५ रोजी फुटले. त्यानंतर मॉरिस लेव्ही या फ्रेंच शास्त्रज्ञाने भिंतीत शिरणाऱ्या पाण्याच्या दाबाविषयीचा आपला प्रसिद्ध नियम मांडला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ऑस्टिन या गावाच्या वरच्या अंगाला एका कागद कारखान्याचे काँक्रीटचे धरण होते. ते जानेवारी १९१० मध्ये पायावर थोडे सरकले. ते बळकट करण्याच्या सूचना अभियंत्याने दिल्या. मालकाने त्या पुरत्या अमलात आणल्या नाहीत आणि ३० सप्टेंबर १९११ रोजी धरण कोसळून ७८ माणसे प्राणास मुकली. तिघऱ्याच्या आधी सहा वर्षांची ही घटना. युरोप-अमेरिकेतील नियतकालिकांत यांवर पुष्कळ लिहिले गेले होते. तथापि, उत्थापक दाब हिशेबात धरावाच असा सर्वमान्य प्रघात त्या काळी जगात कोठेच पडलेला नव्हता, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. म्हणून तिघऱ्याच्या अभियंत्यांना आजच्या ज्ञानाच्या तराजूत तोलणे योग्य होणार नाही.

मात्र या प्रसंगातून व्यावसायिक आचरणाचा एक नियम निघतो व त्यातून कोणालाही सूट नाही. अभियंत्याचे ज्ञान त्याला पदवी मिळाली त्या दिवशी गोठता कामा नये. आपल्या क्षेत्रात अन्यत्र कोठे, काय व का कोसळले हे वाचीत राहणे ही त्याची हौस नव्हे, ते त्याचे कर्तव्य आहे. वैद्याने नव्या औषधाची माहिती ठेवली नाही तर एक रोगी दगावतो. धरणाचा अभियंता मागे राहिला तर नदीकाठचे गाव जाते. आपल्याकडे अपघाताचे अहवाल बहुधा कपाटात राहतात. ते गोपनीय ठरविण्याकडे कल असतो आणि त्यामुळे एका विभागाने जिवाची किंमत देऊन मिळविलेले ज्ञान शेजारच्या विभागापर्यंत पोहोचत नाही. या बाबतीत खात्यांनी आपले धोरण बदलण्यास पुष्कळ वाव आहे.

तिघरा धरणाची पुढे पुनर्बांधणी झाली. आज ग्वाल्हेरकर ज्या जलाशयाचे पाणी पितात तो हाच.

आता पुण्याकडे वळावे. १२ जुलै १९६१ हा दिवस मराठी माणसाला सांगावा लागत नाही. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण सकाळी फुटले आणि त्याच्या लोंढ्याने खालचे, १८७९ साली पुरे झालेले खडकवासल्याचे दगडी धरणही दुपारपर्यंत फोडले. पानशेत त्या वेळी अपुरे होते. नियोजित वेळेच्या आधीच त्यात पाणी साठविण्याचा निर्णय झालेला होता. विमोचकाचे काम पुरे झालेले नव्हते आणि त्याचे दरवाजे व ते उचलण्याची यंत्रणा पूर्णपणे बसलेली नव्हती. पाऊस आला, पाणी चढत गेले. अर्धवट उघड्या दरवाजाखालून वेगाने वाहणाऱ्या पाण्यामुळे विमोचकाला हादरे बसू लागले आणि त्याच्या वरच्या अंगाची माती खचू लागली. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती टाकून माथा राखण्याची शर्थ केली, तिला यश आले नाही. चौकशीसाठी प्रथम न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमण्यात आला व त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे ते काम आले.

त्या चौकशीच्या तपशिलात येथे शिरावयाचे नाही. एका प्रश्नापुरते थांबणे इष्ट आहे. काम लवकर पुरे व्हावे, असे शासनकर्त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यात काही गैर नाही. शेतकरी पाण्याची वाट पाहत असतो, गुंतविलेल्या पैशावर व्याज चढत असते. काम किती लवकर करावयाचे हे शासनाने ठरवावे. परंतु अमुक तारखेला पाणी अडविणे सुरक्षित आहे किंवा नाही, हा प्रश्न तांत्रिक आहे आणि त्याचे उत्तर अभियंत्याने द्यावयाचे असते. ‘काम होईल, पण अमुक गोष्ट पुरी झाल्याशिवाय पाणी साठविता येणार नाही’ हे वाक्य वरिष्ठांसमोर स्पष्ट शब्दांत उच्चारणे फार कठीण जाते. बैठकीत मान डोलावणे सोपे असते. अमेरिकेत २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान नष्ट होण्यापूर्वीच्या रात्री असेच घडले. थंडीत रबरी कड्यांची लवचिकता कमी होते, उड्डाण पुढे ढकलावे, असे कंपनीच्या अभियंत्यांचे मत होते. व्यवस्थापकांनी आपल्याच एका वरिष्ठ सहकाऱ्याला अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालावयास सांगितले आणि निर्णय फिरला. सात अंतराळवीर गेले. पानशेतची बैठक आणि फ्लोरिडातील उड्डाण यांत पंचवीस वर्षांचे व अर्ध्या पृथ्वीचे अंतर आहे. टोपी बदलण्याची क्रिया तीच.

या ठिकाणी शासकीय सेवेतील अभियंत्यांच्या हाती एक साधन आहे व त्याचा उपयोग फारच थोडे जण करतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतील तिसऱ्या नियमानुसार कर्मचाऱ्याने आपले काम स्वतःच्या सद्विवेकबुद्धीनुसार करावयाचे असते. वरिष्ठांच्या आदेशानुसार त्याहून वेगळे करावे लागले तर तो आदेश शक्य तेथे लेखी घ्यावा. तोंडी असल्यास शक्य तितक्या लवकर त्याला लेखी दुजोरा मिळवावा. हा नियम कर्मचाऱ्यास अडचणीत आणण्यासाठी केलेला नाही. त्याने दोघांचेही रक्षण होते. तोंडी आदेश देणारा वरिष्ठ तोच आदेश कागदावर देण्याची वेळ आली की पुन्हा एकदा विचार करतो, असा अनुभव खात्यात पुष्कळांना असेल. लेखी मागणी नम्रपणे केली म्हणजे ती उद्धटपणा ठरत नाही. ‘साहेब, आपण सांगितल्याप्रमाणे कार्यवाही करण्यापूर्वी आपल्या मान्यतेसाठी टिपणी सादर करीत आहे’ एवढ्या एका वाक्याने पुष्कळ काम होते.

पाहणारा एक आणि ठरविणारा दुसरा, आणि दोघांत मोठे अंतर, ही स्थिती अभियांत्रिकीत वारंवार येते. कॅनडातील क्वेबेकचा लोखंडी पूल बांधला जात असताना १९०७ च्या ऑगस्टमध्ये जागेवरील तरुण अभियंत्याला खालच्या सळयांत वाक आलेला दिसला. सल्लागार अभियंता वृद्ध व आजारी असल्याने न्यूयॉर्कमध्ये होता. तरुण अभियंता त्याच्याकडे गेला. कामावर भार घालू नये अशी तार निघाली. ती गेली कंपनीच्या कार्यालयाकडे, आणि जागेवर काम चालूच राहिले. २९ ऑगस्ट रोजी दिवसपाळी संपता संपता पूल कोसळून ७५ कामगार ठार झाले. धोका दिसताच काम थांबविण्याचा अधिकार जागेवरच्या माणसाला असावा, हा विचार या अपघातानंतर बळावला. आपल्या शाखा अभियंत्याला तो अधिकार खरोखर आहे काय, आणि त्याने तो वापरला तर त्याची पाठराखण कोण करील, याचा विचार प्रत्येक मंडळ कार्यालयाने करावयास हवा. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी त्याआधी केल्या होत्या. धरण फुटल्यानंतर खेकड्यांनी ते पोखरल्याची चर्चा बरीच रंगली. गळतीच्या तक्रारीवर कोणाचा, कोणत्या तारखेचा शेरा होता, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत मागे पडला.

आतापर्यंत धरणे व पूल यांविषयी झाले. संगणकाच्या कामात माणसे बुडत नाहीत, भिंती पडत नाहीत, म्हणून तेथे व्यावसायिक नीतीचे प्रश्न सौम्य असतील, असा समज होता. ग्वाल्हेरने तोही समज पुसून टाकला.

मध्यप्रदेश व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘व्यापम’, १९८२ मध्ये पूर्ववैद्यकीय व पूर्व-अभियांत्रिकी परीक्षांची मंडळे एकत्र करून स्थापन झाले. प्रवेशपरीक्षांबरोबर पुढे नोकरभरतीच्या परीक्षाही त्याच्याकडे आल्या. ७ जुलै २०१३ रोजी पूर्ववैद्यकीय परीक्षेसाठी दुसऱ्यांच्या नावाने बसावयास आलेले तोतये इंदूर येथे पकडले गेले आणि त्यातून मोठे प्रकरण उघडकीस आले. ग्वाल्हेर हे तपासाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक ठरले. येथील गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयातील अनेक विद्यार्थ्यांची नावे त्यात आली आणि खटले चालविण्यासाठी येथे विशेष न्यायालयही बसले. सर्वोच्च न्यायालयाने ९ जुलै २०१५ रोजी तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याच न्यायालयाने २००८ ते २०१२ या वर्षांतील ६३४ विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश रद्द ठरविले. मंडळाचे नाव नंतर दोनदा बदलण्यात आले.

या प्रकरणातील दलाल, पुढारी व पालक यांच्याविषयी वृत्तपत्रांत भरपूर छापून आले आहे. अभियंत्यांच्या सभेत विचार व्हावयास हवा तो यंत्रणेचा. परीक्षेत कोणी कोणाशेजारी बसावयाचे, हे संगणकाने क्रमांकांची सरमिसळ करून ठरवावे अशी योजना असते. येथे आरोप असा होता की, ही सरमिसळच बिघडविण्यात आली. हुशार तोतया पुढे आणि पैसे दिलेला उमेदवार त्याच्या मागे येईल, अशा रीतीने बैठक क्रमांक दिले गेले. त्या व्यवहारातील लोकांनी या पद्धतीला ‘इंजिन-बोगी’ असे नाव दिले होते. दुसऱ्या एका प्रकारात उत्तरपत्रिकेतील वर्तुळे कोरी सोडली जात व ती नंतर भरली जात, किंवा नोंदलेल्या गुणांतच फेरफार होई. यांपैकी पहिला प्रकार मंडळाच्या संगणक विभागातील माणसाच्या हातभाराशिवाय घडूच शकत नाही. दरवाजाचे चाक ज्याच्या हाती असते तो पहारेकरीच असावा लागतो. तो फितूर झाला की भिंतीची जाडी काही उपयोगाची नाही. महाराष्ट्रालाही या बाबतीत अभिमान मिरविण्याजोगे काही नाही. २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेच्या निकालात गुण बदलण्यात आल्याचे पुणे पोलिसांच्या तपासात २०२१ च्या अखेरीस बाहेर आले, आणि तेथेही निकालाचे संगणकीय काम सांभाळणारी माणसे आरोपींत होती.

हे टाळता आले असते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बांधकाम खात्यातील एका जुन्या, धुळकट वस्तूकडे पाहावे. ती म्हणजे मोजमाप पुस्तक. तरुण अभियंते तिला कंटाळतात. तिचा अर्थ मात्र थोड्यांनाच उमगलेला असतो. या पुस्तकाची पाने आधीच क्रमांक घालून छापलेली असतात, त्यामुळे पान फाडता येत नाही. नोंद शाईने करावयाची, खाडाखोड करावयाची नाही, चूक झाली तर जुनी नोंद वाचता येईल अशी एकच रेघ मारून वर दुरुस्ती करावयाची व तेथे आद्याक्षरी घालावयाची. मोजणारा एक आणि तपासणी-मोजणी करणारा दुसरा. देयक तयार झाले की त्या मोजमापावर आडवी रेघ मारावयाची, म्हणजे त्याच कामाचे पैसे दुसऱ्यांदा निघणार नाहीत. कोणते पुस्तक कोणाच्या ताब्यात आहे, याचीही वेगळी नोंदवही. ज्यांनी ही पद्धत बसविली त्यांचा माणसाच्या चांगुलपणावर विश्वास होता की नव्हता, हे कळावयास मार्ग नाही. परंतु चांगल्या माणसाला मोहापासून दूर ठेवणे व वाईट माणसाला पकडणे, ही दोन्ही कामे एकाच वहीने साधतात हे त्यांना पक्के समजले होते.

सरकारी कामकाज संगणकावर आले तेव्हा कागदाबरोबर ही शिस्तही पुष्कळ ठिकाणी रद्दीत गेली. संगणकात आकडा बदलला की जुना आकडा नाहीसा होतो; रेघ नाही, आद्याक्षरी नाही. आज्ञावली लिहिणारा, ती चालविणारा, माहितीच्या साठ्यात हात घालू शकणारा आणि निकाल छापणारा हे सर्व एकच असू शकतात. मुख्य परिचालकाच्या परवलीचा शब्द चार जणांना ठाऊक असतो व म्हणून कोणी काय केले हे सिद्ध करता येत नाही. यावरील उपाय संगणकशास्त्राला अगदी साधे आहेत. प्रत्येक बदलाची आपोआप नोंद राहावी, आणि ती नोंद बदलण्याचा अधिकार बदल करणाऱ्याला नसावा. बैठक क्रमांक देण्याची प्रक्रिया बाहेरच्या निरीक्षकासमोर व्हावी आणि तिची मुद्रा लगेच सीलबंद करावी. आज्ञावली तपासणारा माणूस ती लिहिणाऱ्याहून वेगळा असावा. हे उपाय सुचविणे, आणि ते नाकारले गेल्यास तसे लेखी नोंदविणे, हे संगणक-व्यवसायीचे कर्तव्य आहे. अशी तरतूद नसलेली यंत्रणा ‘साहेबांना एवढेच हवे होते’ म्हणून उभारून देणारा संगणक-अभियंता आणि निचऱ्याची छिद्रे न ठेवता धरण बांधणारा स्थापत्य अभियंता, यांच्यात फरक करण्याचे कारण दिसत नाही. ग्वाल्हेरमध्ये १९५७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९७ पासून माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन यांची केंद्रीय संस्था आहे. या दोन्ही विद्या शिकणारे विद्यार्थी एकाच गावात वावरतात, आणि एकमेकांची ही जुनी-नवी शिस्त त्यांनी एकमेकांकडून शिकावी हे स्वाभाविक होईल.

उलट दिशेनेही एक धोका वाढतो आहे. पुलाचे व धरणाचे संकल्पन आता संगणकाची आज्ञावली करते. आकृत्या सुबक निघतात, आकडे दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत येतात व त्यामुळे ते खरेच असतील असे वाटते. पायाच्या खडकाविषयी आत काय भरले होते, उत्थापक दाब धरला होता की नाही, हे कोणी विचारीत नाही. आज्ञावलीने दिलेले उत्तर अर्ध्या तासाच्या हातहिशेबाने ढोबळमानाने ताडून पाहिल्याशिवाय त्यावर सही करणे हा निष्काळजीपणा आहे. सही संगणकाची नसते.

या सहीला कायद्याने काय अर्थ आहे, हेही पाहिले पाहिजे. वकिलांसाठी १९६१ चा व वास्तुविशारदांसाठी १९७२ चा केंद्रीय कायदा आहे. गैरवर्तन सिद्ध झाल्यास त्यांची सनद वा नोंदणी जाऊ शकते. अभियंत्यांसाठी देशपातळीवर असा कायदा अद्याप झालेला नाही. १९२० मध्ये स्थापन झालेल्या व १९३५ मध्ये शाही सनद मिळालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या संस्थेची आचारसंहिता आहे, संगणक-व्यवसायींच्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्याही आहेत, आणि त्या सर्वांत सार्वजनिक हिताला अग्रस्थान आहे. परंतु त्या सभासदांपुरत्या. जो सभासदच नाही त्याला त्या कशा बांधणार? शासकीय अभियंत्याला वर्तणूक नियम लागू असतात. खाजगी सल्लागाराच्या बाबतीत बहुतांशी करारपत्रावरच भिस्त ठेवावी लागते. हा अपुरेपणा गंभीर आहे.

आणि सत्य सांगणाऱ्याच्या संरक्षणाचे काय? कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा पदवीधर सत्येंद्र दुबे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात काम करीत होता. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहारांविषयी त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले व आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ती पाळली गेली नाही. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्याचा खून झाला. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये संमत केला, परंतु तो अमलात आणल्याची अधिसूचना निघालेली नाही. तरुणांना निर्भयतेचा उपदेश करणाऱ्यांनी हे वास्तव त्यांच्यापासून लपवू नये. एकट्याने उभे राहणे धोक्याचे असते. म्हणून शंका पहिल्याच पायरीवर, लहान असतानाच, नस्तीवर आणावी. ती दोघातिघांच्या सह्यांनी आणावी. आणि वरिष्ठांनी अशी टिपणी आणणाऱ्याला त्रासदायक माणूस समजू नये. मोठ्या धाडसाची पाळी बहुधा तेव्हाच येते, जेव्हा आधीच्या दहा लहान प्रसंगी कोणीच काही लिहिलेले नसते.

चूक पदरी आल्यावर अभियंत्याने कसे वागावे, याचे एक उदाहरण कॅलिफोर्नियातील आहे. विल्यम मलहॉलंड यांनी लॉस एंजेलिस शहराला पाणी आणून दिले होते. १२ मार्च १९२८ रोजी सकाळी त्यांनी सेंट फ्रान्सिस धरणातील गळती स्वतः पाहिली व धोका नाही असे सांगितले. मध्यरात्रीच्या सुमारास धरण फुटले आणि चारशेहून अधिक माणसे मेली. चौकशीत त्यांनी कनिष्ठांवर काही ढकलले नाही, दोष आपल्या अंगावर घेतला. त्याने गेलेली माणसे परत आली नाहीत, ही गोष्ट खरी. परंतु त्यांच्या कबुलीमुळे चौकशीला सहीच्या मागचा माणूस सापडला, आणि धरणांवर राज्याने देखरेख ठेवावी असा कायदा कॅलिफोर्नियाने पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये केला.

भारतात असा कायदा होण्यास पुष्कळ काळ लागला. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ च्या डिसेंबरात संमत झाला. त्यान्वये राष्ट्रीय समिती व राष्ट्रीय प्राधिकरण यांची स्थापना झाली, आणि प्रत्येक राज्यावर धरण सुरक्षितता संघटना चालविण्याची जबाबदारी आली. धरणाची पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी करणे, पाझर, भेगा व खचणे यांची मोजमापे ठेवणे, आणि संकटकाळी कोणाला, कसे, किती वेळात कळवावयाचे याचा आराखडा तयार ठेवणे आता बंधनकारक आहे. यंदाची पावसाळ्यानंतरची तपासणी थोड्याच दिवसांत सुरू होईल. तिच्या तक्त्यात प्रत्येक बाबीपुढे ‘समाधानकारक’ असा एकच शब्द वरपासून खालपर्यंत लिहून देण्याची सवय काही ठिकाणी आहे. त्या जागी पाझर किती लिटर, गेल्या वर्षी किती होता, तो कोणत्या दिवशी व जलाशयाच्या कोणत्या पातळीला मोजला आणि कोणी मोजला, एवढे लिहावे; तक्त्यावर त्यासाठी जागा पुरेशी आहे.